समज देऊन सोडले

करंजवहाळच्या ठाण्यातल्या कोठडीला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण वाळवीनं त्याची चाळण केली होती आणि त्या पावसाळ्यात ते बिजागरीसकट निखळून पडलं होतं. नवं दार करायला जमादारानं मला जव्हारहून बोलावलं. चार दिवसांचं काम. मी हत्यारांची पेटी बैलगाडीत टाकली, राबियानं भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी बांधून दिली, आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी मोखाड्याच्या रस्त्याला लागलो.

मानमोडीची साथ आली, त्याच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी तेव्हा तिशीत होतो. जव्हारात संस्थानचा अंमल होता आणि करंजवहाळच्या ओढ्यापलीकडे, मोखाड्याच्या बाजूला, इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. ठाणं अगदी हद्दीवर. पुढे पडवी, मध्ये एक खोली, मागे कोठडी. अंगणात एक आंबा. माणसं दोनच: जमादार, आणि लक्ष्या नावाचा शिपाई. लक्ष्या त्याच बाजूच्या पाड्यातला होता. उंच, कमी बोलणारा. मला पाणी देताना म्हणाला, "मिस्त्री, काम लवकर उरक आणि जा."

कोठडीत एक माणूस होता. दार नसल्यामुळे त्याचे पाय खोड्यात घातले होते. जाड लाकडाच्या दोन फळ्या, मध्ये पायांपुरती भोकं, बाजूला कुलूप. मी चौकटीचं माप घ्यायला आत वाकलो, तेव्हा ओल्या मातीचा आणि लघवीचा वास आला आणि त्या वासातून तो माझ्याकडे पाहून हसला. खरंच हसला. पंचविशीचा असेल.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

"सागाची तीन झाडं तोडली म्हणतात. मी नाय तोडली."

त्याचं नाव रघ्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला चार झोपड्यांचा पाडा होता, तिथला. घरात तो आणि त्याची बायको माघी. भात कापून झाला होता, झोडायचा होता. "ती एकटी काय काय करंल," एवढंच तो परत परत म्हणत होता.

त्यानं तोडलेले म्हणून जप्त केलेले ओंडके अंगणात आंब्याखाली पडले होते. त्यातल्याच एकाच्या फळ्या पाडून ठेवल्या होत्या आणि त्यांचंच मला दार करायचं होतं. लाकूड ओलं होतं. मी जमादाराला म्हटलं, "साहेब, हे वाळल्यावर वाकेल."

"वाकू दे," तो म्हणाला.

फळ्या उचलायला गेलो आणि माझी नजर उरलेल्या दोन ओंडक्यांच्या बुंध्याकडे गेली. कुऱ्हाडीनं पाडलेल्या झाडाचा बुंधा खाचाखाचांचा असतो, पाचरीसारखा निमुळता. हे बुंधे सपाट होते. त्यांच्यावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बारीक रेघा होत्या. दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतीच्या. रघ्याच्या घरातून आणलेली कुऱ्हाड पडवीत टेकून ठेवली होती, बोथट, दांड्याला चिंध्या गुंडाळलेली. तसली करवत त्या रानात फक्त लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसांकडे होती. जमादाराच्या पडवीत ते येऊन बसायचे, चहा प्यायचे. लहान मुलालाही कळलं असतं. मला तर कळलंच. मी फळी उचलली आणि कामाला लागलो.

दुपारी जेवण झाल्यावर जमादार मागे गेला. थोड्या वेळानं आवाज यायला लागले. पायांच्या तळव्यांवर वेताची छडी बसते तो आवाज वेगळाच असतो. ओलं कापड दगडावर आपटावं तसा. आणि मग माणसाचा आवाज. रस्त्यानं डोक्यावर गवताचे भारे घेऊन दोन बायका चालल्या होत्या. त्या थबकल्या. माझा हात थांबला.

जमादार बाहेर आला. त्याला धाप लागली होती. बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाऊद, रंधा का थांबवलास?"

"जमादारसाहेब..."

"चालू ठेव. मी सांगेन तेव्हा थांब."

मी रंधा चालवला. खर्रर्र, खर्रर्र. बायका पुढे गेल्या. त्यांना ऐकू गेलं असेल ते एवढंच, की ठाण्यात सुताराचं काम चाललंय. जी फळी थोड्या वेळात गुळगुळीत व्हायची, ती मी दिवस कलेपर्यंत तासत होतो. फळी पातळ होत चालली होती, पायाशी सालींचा ढीग साचला होता आणि मी मान वर करत नव्हतो.

संध्याकाळी जमादार आंघोळीला ओढ्यावर गेला. लक्ष्यानं पाठ फिरवली आणि मी लोटा घेऊन आत गेलो. रघ्याच्या ओठांना लोटा लावला. अर्धं पाणी अंगावर सांडलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तू सकाळी त्या लाकडांकडं बघत होतास."

मी लोटा खाली ठेवला.

"तुला कळलं ना?"

"कळलं."

"मग सांग ना त्याला. तू जव्हारचा मिस्त्री. तुझं ऐकंल तो."

"सकाळी सांगतो," मी म्हणालो. आणि त्यानं मान हलवली, जणू काम झालंच.

सकाळी मी सांगितलं. एवढं तरी मी केलं. जमादार पडवीत चहा पीत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"दाऊद, घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"बायको आहे, साहेब. म्हातारी आई आहे."

"हं. आता मला सांग, हे ओंडके करवतीनं कापलेत असं मी वर लिहून कळवलं, तर पहिल्यांदा काय विचारतील? करवत कोणाकडे असते?" तो माझ्या पेटीकडे पाहत होता. "सुताराकडे."

मी परत फळ्यांपाशी आलो. रघ्यानं आतून हाक मारली, "सांगितलंस का मिस्त्री?" मी रंधा हातात घेतला.

त्या दुपारी फार वेळ लागला नाही. आधी तो ओरडत होता, मग फक्त माघीचं नाव घेत होता, मग तेही नाही. पाठीवर बसणाऱ्या छडीचा आवाज मात्र येत राहिला. एकाएकी तोही थांबला. जमादार दारात आला. दारात कसला, दार नसलेल्या चौकटीत. चौकटीला हात टेकून उभा राहिला.

"रंधा थांबव," तो म्हणाला.

मी थांबलो. आंब्यावर एक कावळासुद्धा नव्हता.

जमादारानं दप्तर काढलं आणि स्वतः लिहायला बसला. लिहून झाल्यावर लक्ष्याला वाचायला दिलं. लक्ष्या दोनदा अडखळला. 'मजकूर इसम रघ्या यास चौकशीअंती पुरावा नसल्याने समज देऊन सोडले. सूर्यास्ताचे सुमारास पायी आपले घरी गेला.' खाली पंच म्हणून माझं नाव. मला सही येते, पण हात चालेना. म्हणून अंगठा दिला.

मग घोंगडीची झोळी करून, ती बांबूला बांधून मी आणि लक्ष्यानं त्याला ओढ्यापलीकडे नेलं. 'आपल्या हद्दीत नको,' असं जमादारानं बजावलं होतं. करवंदीच्या जाळीमागं खड्डा केला. त्यांच्यात मेलेल्याला जाळतात, पण धूर दिसला असता. माझ्या तोंडून कलमा निघाला, लक्ष्या त्याच्या देवांना काहीतरी पुटपुटला. लक्ष्यानं मूठभर माती टाकली आणि तसाच बसून राहिला. समोर डोंगरामागे दिवस बुडत होता.

"आता माघीला काय सांगायचं?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दार बसवलं आणि जव्हारला परत आलो.

पंधरा दिवसांनी मला समन्स आलं. लक्ष्या अनवाणी चालत जव्हारला गेला होता आणि एका वरच्या अंमलदारापुढे उभं राहून त्यानं सगळं सांगितलं होतं. नोकरी असलेला माणूस, घरात लहान पोरं. त्यानं हे केलं. अंमलदार चौकशीला करंजवहाळला आले. आंब्याखाली खुर्ची टाकली होती. लक्ष्यानं सगळं पुन्हा सांगितलं, खड्ड्याची जागासुद्धा सांगितली. मग मला पुढे बोलावलं.

"हा अंगठा तुझा?"

"होय साहेब."

"इसमाला सोडलेला तू पाहिलास?"

लक्ष्या माझ्याकडे पाहत होता. जमादार माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या पेटीकडे पाहत होता. पेटी मी आणलीही नव्हती, पण मला तसंच वाटलं.

"पाहिला," मी म्हणालो.

लक्ष्यानं डोळे मिटले. तेवढ्यात माघीला घेऊन पाड्यातला एक म्हातारा आला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक, काळीसावळी, हात भाताच्या काडानं कापलेले. मला वाटलं, आता ही छाती बडवून विचारेल की माझा माणूस कुठे आहे, आणि मग मला खरं बोलता येईल. तिनं विचारलं असतं तर मी बोललो असतो. अजून मला तसं वाटतं.

"तुझा नवरा कुठे आहे?" अंमलदारांनी विचारलं.

"घरी," ती म्हणाली.

"घरी आला?"

"आला जी."

"कधी?"

"त्याच दिशी. दिस बुडताना. चालत आला."

मी जमादाराकडे पाहिलं. त्याला तर आनंद व्हायला हवा होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि तो एकटक ओढ्याच्या दिशेनं बघत होता.

"साहेब, पाड्यावर जाऊन बघा तरी," लक्ष्या हात जोडून म्हणाला. "पाव कोस हाय. नायतर ओढ्यापलीकडं चला, मी उकरून दाखवतो..."

अंमलदारांनी उन्हाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. "त्याची बायको सांगत्ये, माणूस घरी आहे. मग खून झाला तो कोणाचा? आणि ओढ्यापलीकडे आपला अंमल नाही." त्यांनी कागद मिटले. लक्ष्याला नोकरीवरून काढलं आणि वरिष्ठावर खोटा आळ घेतला म्हणून सहा महिने कैद दिली. मी केलेल्या दारामागं पहिला कोंडला गेला तो लक्ष्या.

मी जव्हारकडे निघालो, पण पाय वळले पाड्याकडे. का, ते सांगता येणार नाही. ऊन तिरपं झालं होतं. माघी माझ्या आधी पोचली होती आणि एकटीच खळ्यावर भात झोडत होती. मला पाहून थांबली.

"रघ्याला भेटायचंय," मी म्हणालो.

तिनं झोपडीकडे पाहिलं. "आत हाय. दिसा बाहेर नाय येत."

मी दोन पावलं गेलो. दारात अंधार होता. पौष लागला होता, रानात सगळं कोरडं ठणठणीत, आणि त्या दारातून खोल खणलेल्या ओल्या मातीचा वास येत होता. आत, समोरच्या कुडाकडे तोंड करून, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ दिसत होती. पाठीवरचे वळ दिसत होते. मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. ती पाठ श्वासानं हलत नव्हती.

मी मागे सरलो. माघी अगदी जवळ उभी होती.

"बाई," मी कुजबुजलो, "हा... मी ह्याला माझ्या हातांनी..."

"ठावं हाय मला."

तिचा आवाज इतका हळू होता, की मला वाटलं मीच मनात बोललो.

"पहिल्या रातीच समजलं. हात धरला मी त्याचा... गार. केसात माती. भाकर वाढली तर नुसता बघत बसला."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस? लक्ष्या बिचारा..."

"साहेबानं इचारलं, घरी आला का? आला. खोटं काय बोलली मी?" तिनं दाराकडे पाहिलं. "आणि मेला म्हटलं असतं, तर तो गेला असता, मिस्त्री. येवढा तरी राहू दे मला..."

मी पुन्हा त्या अंधाऱ्या दाराकडे पाहिलं.

"तू त्याला सांगू नको," तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, जिवंत होता, त्याचंसुद्धा मला भय वाटलं. "त्याला ठावं नाय."

तेवढ्यात आतून आवाज आला. कोरडा, अडकत येणारा, पण त्याचाच.

"माघी... कोण हाय? ठाण्यातनं आलं का कोणी... मला परत न्यायाला?"

मेल्यावरही तो भीत होता. छडीला भीत होता, खोड्याला भीत होता. त्या माणसाला आम्ही मारलं, पुरलं, कागदावर चालत घरी पाठवलं, आणि त्याची भीती मात्र तशीच ठेवली. मी दाराच्या कुडाला हात टेकला.

"नाही रे रघ्या," मी म्हणालो. "कोणी आलं नाही. तुला सोडलंय. कागद झालाय."

मग आतून एक लांब सुस्कारा आला आणि ओल्या मातीचा वास दाट झाला.

"बरं झालं," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणायचं त्याला..."

त्या खोट्यावर मी तिसऱ्यांदा अंगठा दिला होता. मी पाड्यातून निघालो ते धावतच.

तुम्हाला ऐकायचं असेल, की पुढे रघ्यानं जमादाराला धरलं, तो रक्त ओकून मेला. तसं काही झालं नाही. त्याला बढती मिळाली, मोठ्या ठाण्यावर गेला, नातवंडं पाहून अंथरुणात मेला. तो कधी सूर्यास्तानंतर घराबाहेर पडत नसे, असं म्हणतात. पण तसे पुष्कळजण पडत नाहीत. अंमलदारांनाही कुणी काही विचारलं नाही. मलाही नाही. मी जव्हारात पेट्या केल्या, पाळणे केले. ठाण्याचं काम पुन्हा घेतलं नाही, पण तेवढ्यानं काय होतं.

मग मानमोडी आली. घरटी एक-दोन माणसं जात होती. माझी आई त्यातच गेली. साथ ओसरल्यावर एका दुपारी लक्ष्या माझ्या दुकानात आला. कैदेतून सुटल्यावर तो गावी शेती करत होता. मला कधी भेटला नव्हता, आणि मी त्याला भेटायला गेलो नव्हतो. हाडं वर आली होती. मी त्याला फळकुटावर बसवलं, पाणी दिलं. त्यानं मात्र मागचं काहीच काढलं नाही.

"माघी गेली," तो म्हणाला. "तापानं. तीन दिसांत."

"आणि... घरात?"

"घरात कोणी नव्हतं. मी स्वतः आत गेलो होतो. ती एकटीच होती." तो पाणी प्यायला, लोटा खाली ठेवला. "मिस्त्री, पाड्यात उभे राहतील असे बाप्ये दोनच उरले होते, म्हणून मला बोलावलं. तिघंच आम्ही. तिरडी बांधली. पुढं ते दोघं, मागं मी एकटा. म्हटलं, मागचे दोन्ही बांबू मीच धरतो. पण मला एकच धरावा लागला..."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"तिरडी कलली नाय. पार मसणापर्यंत कलली नाय. मी उजवीकडं मान वळवली नाय. पुढच्या दोघांनाही सांगितलं, मागं बघू नका."

"भास असेल, लक्ष्या. तापाचे दिवस..."

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "मग वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी खाली टेकवली. दगड ठेवला, पाणी सोडलं. पुढच्या दोघांनी पुन्हा खांदा दिला. मी घाम पुसत होतो, मिस्त्री. मी अजून वाकलोसुद्धा नव्हतो..."

त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"...आणि मागची बाजू उचललेली होती."